दूरवैद्यक : इतिहास आणि हिशेब

दूरवैद्यक हा शब्द अलीकडे आपल्या कानावर वारंवार पडतो. वैद्य एका गावी, रोगी दुसऱ्या गावी, आणि दोघांच्या मध्ये तार, बिनतारी लहर किंवा उपग्रह. या मध्यस्थाच्या साहाय्याने जी तपासणी होते व जो सल्ला मिळतो, त्यास इंग्रजी वैद्यकात टेलिमेडिसिन असे नाव आहे. त्यासच आपण दूरवैद्यक म्हणू. ही कल्पना करोनाच्या साथीतून निघाली, असा सर्वसाधारण समज दिसतो. वस्तुतः तिचा इतिहास जवळजवळ दीडशे वर्षांचा आहे. तो नीट वाचला म्हणजे एक गोष्ट पुनःपुन्हा आढळते. यंत्र बहुधा चालले. अडले ते यंत्राच्या दोन टोकांस असलेल्या माणसांच्या व्यवस्थेत. आणि ते अडले हे कळावयास उशीर लागला, कारण हिशेब ठेवला गेला तो यंत्राचा, रोग्याचा हिशेब कोणी मांडला नाही. हे विधान दाखल्यांनी पटवून देण्याचा माझा प्रयत्न आहे. आणि शेवटी, हा हिशेब आपल्या नेरळच्या परिसरात कसा मांडता येईल, याचाही थोडा विचार करावयाचा आहे.

नेरळचीच निवड का, असे कोणी विचारील. हे गाव मुंबईहून रेल्वेने सुमारे ८६ किलोमीटर, कल्याणहून अवघे ३३. इतक्या जवळच्या गावाला दूरवैद्यकाचे प्रयोजन काय? पण अंतर केवळ मैलांत मोजून भागत नाही. गावात प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, तालुक्याला कर्जत येथे उपजिल्हा रुग्णालय आहे, आणि जिल्हा रुग्णालय आहे ते पार समुद्रकाठी, अलिबागला. सरकारी कागद नेरळहून निघाला की कर्जत, अलिबाग असा जातो. रोगी मात्र लोकलच्या दिशेने जातो : उल्हासनगर, कल्याण, आणि तेथे भागले नाही तर परळ. कागदाची वाट एक व रोग्याची वाट दुसरी, ही या तालुक्याची जुनी गोष्ट आहे, आणि दूरवैद्यकाची तार कोणत्या वाटेने ओढावयाची हा प्रश्न येथूनच सुरू होतो.

नेरळच्या डोक्यावर माथेरान आहे, सुमारे ८०० मीटर उंचीवर. तेथे दस्तुरी नाक्यापुढे मोटारीला मज्जाव आहे. रुग्णवाहिकेला अपवाद. १९०७ साली सुरू झालेली छोटी गाडी आपल्या सर्वांच्या अभिमानाची. पण २००५ च्या जुलैतील अतिवृष्टीने तिचा मार्ग खचला तो पुन्हा वाहता होण्यास २००७ साल उजाडले, आणि २०१९ च्या पावसाळ्यात बंद पडलेला नेरळपासूनचा मार्ग २०२२ च्या ऑक्टोबरात पुन्हा सुरू झाला. डोंगराच्या उतारावर ठाकर-कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. तेथून आजारी माणूस झोळीत घालून खाली आणावा लागल्याच्या बातम्या आजही वाचावयास मिळतात. शेजारच्या खालापूर तालुक्यात १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा मदतीस धावलेल्या लोकांना पायवाटेनेच वर चढावे लागले होते. म्हणजे एकाच गावाच्या एका बाजूस महानगराची लोकल आणि दुसऱ्या बाजूस पायवाट. दूरवैद्यकाची परीक्षा घ्यावयास याहून योग्य ठिकाण क्वचित सापडेल.

आता इतिहासाकडे वळू. हिंदुस्थानात विजेची तार ज्याने आणली तो गृहस्थ स्वतः डॉक्टर होता, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात नसते. विल्यम ब्रुक ओशॉनसी हे त्याचे नाव. १८३१-३२ साली, वयाच्या बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी, त्याने पटकीच्या रोग्यांचे रक्त तपासले आणि त्यातील पाणी व क्षार निघून जातात, ते शिरेतून परत भरले पाहिजेत, असे दाखवून दिले. आज आपण जिला सलाईन म्हणतो तिची शास्त्रीय मुहूर्तमेढ ती हीच. पुढे तो कंपनी सरकारच्या नोकरीत कलकत्त्यास आला, तेथील वैद्यकीय महाविद्यालयात रसायनशास्त्राचा प्राध्यापक झाला, आणि १८३९ साली त्याने तारेचे पहिले प्रयोग केले. १८५४ पर्यंत त्याच्या देखरेखीखाली कलकत्ता, आग्रा, मुंबई व मद्रास ही शहरे तारेने जोडली गेली. १८५५ साली ती सर्वसामान्यांस खुली झाली. कल्याणहून पळसदरीकडचा लोहमार्ग १८५६ साली सुरू झाला आणि नेरळच्या शिवारातून आगगाडी जाऊ लागली.

पटकीवरचा उपाय आणि तार या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या हातून घडल्या. परंतु त्या दोहोंची गाठ मात्र कोणी घालून दिली नाही. तारेवरून लष्कराचे हुकूम गेले, कापसाचे भाव गेले. पटकीचा उपाय तारेने खेड्यात पोचला नाही, कारण दुसऱ्या टोकास तो अमलात आणणारा मनुष्य व लागणारे साहित्य नव्हते. हुकूम पोचविण्यास तार पुरेशी आहे; औषधाला आणखी काही लागते. दूरवैद्यकाच्या इतिहासातील हा पहिला धडा आपल्याच देशात मिळाला होता.

तारेमागून दूरध्वनी आला. १८७९ साली, म्हणजे यंत्र निघून तीनच वर्षे झाली असता, लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात असा मजकूर आला की, मध्यरात्री एका घरातून डॉक्टरला दूरध्वनी आला, त्याने बाळाचा खोकला यंत्रातूनच ऐकला आणि हा घसा धरणारा घातक खोकला नव्हे असे सांगून घरच्यांना निश्चिंत केले. मुंबईत दूरध्वनीचे पहिले केंद्र १८८२ साली उघडले. १९०५ साली हॉलंडमधील लायडन येथे आइंटहोवेन या शास्त्रज्ञाने हृदयाचा विद्युत्-आलेख रुग्णालयापासून सुमारे दीड किलोमीटर दूर असलेल्या आपल्या प्रयोगशाळेत तारेवरून घेतला. त्याचे यंत्र इतके अवजड होते की ते रुग्णालयात नेणे शक्य नव्हते, आणि रोगी प्रयोगशाळेत आणणे इष्ट नव्हते. पुढे यंत्र आटोपशीर झाले आणि रोग्याच्या खाटेजवळच गेले. दूरवैद्यक हे साध्य नाही, साधन आहे, हे या उदाहरणात स्पष्ट दिसते. जे रोग्याजवळ नेता येते ते जवळच न्यावे. जे नेता येत नाही त्यापुरती तार ओढावी.

परंतु या विषयातील सर्वांत बोलकी हकीकत ऑस्ट्रेलियातील आहे, आणि ती जरा विस्ताराने सांगितली पाहिजे. १९१७ च्या ऑगस्टमध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात हॉल्स क्रीक नावाच्या आडगावी जिमी डार्सी नावाचा गुराखी घोड्यासह कोसळून जबर जखमी झाला. गावात डॉक्टर नव्हता. होता तो टपालमास्तर टकेट, आणि त्याच्याजवळ तारयंत्र. टकेटने सुमारे तीन हजार किलोमीटरांवरील पर्थ शहरी डॉक्टर हॉलंड यांना तार केली. डॉक्टरांनी मूत्राशय फुटला असल्याचे निदान केले आणि शस्त्रक्रिया करावयास सांगितली. तारेच्या कडकट्टावर एकेक सूचना येत गेली आणि त्या टपालमास्तराने साध्या चाकूने ती शस्त्रक्रिया केली. मग डॉक्टर स्वतः निघाले. गुरे वाहणाऱ्या बोटीने, पुढे मोटारीने व शेवटी मिळेल त्या वाहनाने. प्रवासाला सुमारे बारा दिवस लागले. ते पोचले त्याच्या आदल्या दिवशी डार्सी मरण पावला होता. मृत्यूस शस्त्रक्रिया कारण झाली नव्हती. अंगात मुरलेला मलेरिया व पोटातील गळू यांनी त्याचा बळी घेतला, असे नोंदले गेले आहे.

या हकीकतीचा हिशेब कसा मांडावा? तारखात्याच्या बाजूने पाहिले तर सर्व संदेश अचूक पोचले. शल्यशास्त्राच्या बाजूने पाहिले तर शस्त्रक्रिया यशस्वी झाली. रोग्याच्या बाजूने पाहिले तर रोगी दगावला, कारण जे तारेवरून विचारले गेले नाही ते कोणास दिसलेही नाही. तीनही विधाने खरी आहेत. कोणते विधान अहवालात आधी लिहावयाचे, हाच मूल्यमापनाचा प्रश्न होय.

जॉन फ्लिन नावाच्या धर्मोपदेशकाने या मृत्यूपासून योग्य तो बोध घेतला. त्याच्या खटपटीने १९२८ साली क्लॉनकरी येथून विमानाने फिरणाऱ्या डॉक्टरांची सेवा सुरू झाली. १९२९ साली आल्फ्रेड ट्रेगर याने पायाने फिरविण्याच्या यंत्रावर चालणारा बिनतारी संच तयार केला, कारण दूरच्या वस्त्यांत वीज नव्हती. आणि १९४२ पासून वस्तीवस्तीवर औषधांच्या पेट्या ठेवण्यात आल्या. त्या पेटीतील प्रत्येक औषधावर आकडा घातलेला असे. डॉक्टर बिनतारीवर सांगत, अमुक आकड्याची गोळी इतक्या वेळा द्या; वाचता येणाऱ्या कोणाही माणसाला ते समजे. या योजनेतील मर्म ध्यानात घेण्यासारखे आहे. आधी दूरच्या टोकाला वीज, औषध आणि ते देऊ शकणारा मनुष्य यांची तरतूद झाली, आणि मग संभाषणाला अर्थ आला. ही सेवा आजतागायत चालू आहे.

यानंतर दूरचित्रवाणी आली. १९५९ साली अमेरिकेत नेब्रास्का विद्यापीठात मानसोपचारासाठी तिचा उपयोग झाला. १९६८ साली बॉस्टनच्या मोठ्या रुग्णालयाने लोगन विमानतळावरील दवाखाना दूरचित्रवाणीने जोडून घेतला. विमानतळ रुग्णालयापासून जेमतेम तीन मैल. पण मधल्या बोगद्यातील वाहनांच्या गर्दीमुळे डॉक्टरांना वेळेवर पोचता येत नसे. दवाखान्यात परिचारिका असे, रुग्णालयात डॉक्टर असत. नेरळकरांना हे उदाहरण परके वाटू नये. तीन मैलसुद्धा दूर असू शकतात. त्यापुढील काळात ॲरिझोनातील आदिवासींच्या प्रदेशात अंतराळ संशोधन संस्थेच्या मदतीने फिरत्या गाड्या व दूरचित्रवाणी यांचा मोठा प्रयोग झाला. असे बहुतेक प्रयोग अनुदान होते तोवर चालले आणि अनुदान सरताच थांबले, कारण प्रयोगाचा खर्च प्रयोगाच्या खाती पडत होता, रुग्णालयाच्या रोजच्या खर्चात त्याला जागाच केलेली नव्हती.

भारतात उपग्रहाच्या साहाय्याने दूरवैद्यकाचा मोठा आरंभ २००० साली झाला. त्या वर्षीच्या मार्चमध्ये आंध्र प्रदेशातील अरगोंडा या खेड्यातील रुग्णालयाच्या जोडणीचे उद्घाटन अमेरिकेचे अध्यक्ष क्लिंटन यांच्या हस्ते झाले. २००१ पासून भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने अनेक राज्यांतील रुग्णालये जोडण्याचे काम हाती घेतले. महाराष्ट्राच्या आरंभीच्या योजनेत परळचे के. ई. एम. रुग्णालय हे एक टोक होते आणि सिंधुदुर्ग, सातारा, बीड, लातूर व नंदुरबार येथील जिल्हा रुग्णालये ही दुसरी टोके होती. या पाचांत रायगड नव्हता. नकाशावर मुंबईला लागून असलेल्या जिल्ह्याला दूर कसे म्हणावे, असे नियोजन करणाऱ्यास वाटणे साहजिक आहे. परंतु मघाशी सांगितलेली कागदाची वाट व रोग्याची वाट आठवली, की ते मैलांचे माप किती अपुरे आहे हे कळून येते.

अशी योजना एखाद्या संस्थेत आणावयाची म्हणजे काय काय अडते, हे आता पाहू. पहिली अडचण वेळेची. मोठ्या रुग्णालयातील तज्ज्ञाच्या दारात शंभर रोगी उभे असतात. पडद्यावरचा रोगी हा त्यांच्यातला एकशेएकावा असतो, आणि तो दारात उभा नसल्यामुळे त्याला थांबविणे सर्वांत सोपे. तज्ज्ञाच्या वेळापत्रकात ठरावीक वार व तास राखून ठेवल्याखेरीज ही अडचण सुटत नाही, आणि तसे राखणे म्हणजे त्याच्या दुसऱ्या कामातून तेवढा वेळ वजा करणे. दुसरी अडचण मानाची. लहान रुग्णालयातील डॉक्टरला रोग्यादेखत वरिष्ठाला प्रश्न विचारणे जड जाते. आपले अज्ञान उघडे पडते असे त्याला वाटते. तिसरी भाषेची. कातकरी बाई आपले दुखणे ज्या शब्दांनी सांगते ते शब्द शहरातल्या तरुण डॉक्टरला उमगत नाहीत. समोर असती तर हात धरून तिने जागा दाखविली असती. म्हणून मधल्या परिचारिकेचे काम कळ दाबण्याइतके सोपे नसते. तिला दुभाष्याचे व वैद्याच्या हाताचे असे दोन्ही काम करावे लागते. चौथी अडचण औषधाची. तज्ज्ञाने सांगितलेले औषध केंद्राच्या यादीतच नसेल, तर रोगी चिठ्ठी घेऊन बाजारात जातो, किंवा चिठ्ठी घडी करून खिशात ठेवतो. आणि पाचवी अडचण जबाबदारीची.

जबाबदारीचा प्रश्न महाराष्ट्रातच, आणि तोही कोकणातच, तीव्रतेने पुढे आला. रत्नागिरीत एका बाळंतिणीला डॉक्टर हजर नसताना दूरध्वनीवरील सूचनांनुसार दाखल करून औषधोपचार केले गेले, आणि पुढे ती दगावली. २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्या प्रकरणातील डॉक्टरांना अटकपूर्व जामीन नाकारला. तो जामिनापुरता निर्णय होता, दोष ठरविणारा अंतिम निवाडा नव्हता. तथापि त्याची धास्ती साऱ्या वैद्यकवर्गाने घेतली, आणि दूरध्वनीवर सल्ला द्यावा की नाही, हा प्रश्न दवाखान्यादवाखान्यांतून चर्चिला जाऊ लागला. या संदिग्धतेला २५ मार्च २०२० रोजी, करोनाची टाळेबंदी देशभर सुरू झाली त्याच दिवशी, केंद्र सरकारने प्रसिद्ध केलेल्या दूरवैद्यकविषयक मार्गदर्शक सूचनांनी मर्यादा घातली. वैद्य व रोगी यांनी एकमेकांची ओळख पटवावी. रोग्याची संमती असावी. पडद्यावरून कोणती औषधे देता येतील व कोणती देता येणार नाहीत याच्या याद्या पाळाव्यात. आणि प्रत्यक्ष तपासणी आवश्यक वाटल्यास वैद्याने तसे सांगून थांबावे, असे त्यात ठरले. समोर बसून केलेल्या तपासणीस जी जबाबदारी, तीच पडद्यावरच्या तपासणीस, हे तत्त्व त्यामुळे लेखी झाले.

त्याच सुमारास ‘ई-संजीवनी’ ही सरकारी सेवा पसरली. नोव्हेंबर २०१९ मध्ये उपकेंद्रे व डॉक्टर यांना जोडणारी तिची शाखा निघाली, आणि एप्रिल २०२० मध्ये घरबसल्या सल्ला देणारी दुसरी शाखा. २०२३ च्या फेब्रुवारीत तिच्यावरून झालेल्या सल्ल्यांची संख्या दहा कोटींवर गेल्याचे जाहीर झाले. आकडा मोठा आहे, आणि टाळेबंदीत घरात अडकलेल्या रोग्यांचे तिने जे काम केले ते कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु दहा कोटी सल्ले म्हणजे दहा कोटी बरे झालेले रोगी नव्हेत. तारमास्तर जसा गेलेल्या तारा मोजतो, तसा हा आकडा आहे. तो तार चालू असल्याचे सांगतो. पलीकडे काय घडले ते सांगत नाही.

मग काय मोजावे? १९९६ साली अमेरिकेतील वैद्यक संस्थेने या प्रश्नावर एक ग्रंथच प्रसिद्ध केला. दूरवैद्यकाची परीक्षा पाच बाजूंनी घ्यावी असे त्याचे सार आहे : उपचाराचा दर्जा, सेवेपर्यंत पोचण्याची सोय, खर्च, रोग्याचे समाधान आणि वैद्याचे समाधान, आणि प्रत्येक बाजूने ‘दूरवैद्यक नसते तर काय झाले असते’ हा प्रश्न विचारावा. हा शेवटचा प्रश्न सोपा दिसतो, पण बहुतेक अहवाल त्याच ठिकाणी घसरतात. २००२ साली ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात एक परीक्षण आले. दूरवैद्यकाच्या लाभ-खर्चाविषयीचे ६१२ लेख त्यात तपासले गेले. त्यांपैकी प्रत्यक्ष खर्चाचे आकडे होते ५५ लेखांत, आणि ठरविलेल्या कसोटीला उतरले अवघे २४. दूरवैद्यक स्वस्त पडते, असे म्हणण्यास पुरेसा आधार नाही, हा त्याचा निष्कर्ष. इंग्लंडने २००८ पासून ३,२३० रोग्यांवर मोठा प्रयोग केला. घरी यंत्र दिलेल्या रोग्यांत वर्षभरात मृत्यू कमी झाले, असे २०१२ साली दिसून आले. आणि त्या लाभाच्या मानाने खर्च फार पडतो, असे २०१३ साली. हे दोन्ही निष्कर्ष त्यांनी प्रसिद्ध केले, ही त्यांतील घेण्यासारखी गोष्ट.

मात्र मोजणीचे धडे घेण्यास इतके दूर जाण्याची गरज नाही. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत गावच्याच स्त्रियांना नवजात बालकांची घरोघर काळजी घेण्यास शिकविले, आणि तशाच ४७ गावांत ही सेवा न देता केवळ जन्ममृत्यूंची नोंद ठेवली. तिसऱ्या वर्षी, या दुसऱ्या गावांशी ताडून पाहता, पहिल्या गावांतील नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. ‘लॅन्सेट’ने १९९९ साली हा वृत्तान्त छापला. त्यांनी किती भेटी दिल्या हे सांगून न थांबता किती बालके वाचली हे सांगितले, आणि ते सांगता आले ते जोडीच्या गावांमुळे. रायगड जिल्ह्यातच, मुंबईच्या समोरच्या किनाऱ्यावर, डॉ. नोशिर अंतिया यांनी १९७३ च्या सुमारास मांडवा येथे खेड्यातील स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. काम चांगले चालूनही १९८३ च्या सुमारास स्थानिक सत्ताधाऱ्यांच्या विरोधामुळे ते आवरते घ्यावे लागले. योजना यशस्वी होणे आणि ती टिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचे हे घरचे उदाहरण. आणि २००७ पासून आरोग्यसेवेवर लोकाधारित देखरेखीचा जो उपक्रम अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद (आताचे धाराशिव), पुणे व ठाणे या जिल्ह्यांत सुरू झाला, त्यात गावकऱ्यांनीच आपल्या केंद्राला चांगले, मध्यम, वाईट असे शेरे दिले आणि जनसुनवाईत ते अधिकाऱ्यांपुढे वाचून दाखविले. मूल्यमापन हे तज्ज्ञांचेच काम, हा समज त्यामुळे खोटा ठरला.

या साऱ्याचा उपयोग नेरळला कसा करावा? एक साधे उदाहरण घेऊ. समजा, माथेरानच्या उतारावरील वाड्यांतले शंभर रोगी पडद्यासमोर बसले. त्यांपैकी साठ जणांचे येथेच भागले व चाळिसांना पुढे जावयास सांगितले. साठ फेऱ्या वाचल्या, असे लिहिण्याचा मोह होईल. परंतु त्या साठांपैकी चाळीस जण पूर्वीही केंद्रातल्या डॉक्टरांकडूनच बरे होऊन गेले असते, तर खऱ्या वाचलेल्या फेऱ्या वीसच. आणि ज्या चाळिसांना पुढे पाठविले, त्यांतले दहा जण एरवी सरळ कल्याणची गाडी धरणार होते व पडद्यासाठी एक दिवस थांबले असतील, तर त्यांच्या पदरी वीस फेऱ्यांच्या जोडीस दहा दिवसांचा उशीर जमा धरला पाहिजे. एका फेरीस एक दिवस मोडतो, बरोबर एक माणूस लागतो, आणि दोघांची मजुरी बुडते. हा हिशेब कोणत्याही यंत्राच्या पडद्यावर आपोआप उमटत नाही. तो विचारून, लिहून ठेवावा लागतो.

त्यासाठी मोठी व्यवस्था नको. एक वही पुरे. रोगी कोठून आला व किती वेळ चालून आला. पडद्यावर डॉक्टर भेटेपर्यंत किती वेळ बसला, की न भेटताच परतला. सांगितलेले औषध त्याच दिवशी हाती पडले की नाही. पुढे पाठविले असल्यास तो तेथे पोचला का, आणि तेथील डॉक्टरांनी आपली चिठ्ठी जमेस धरली का. आणि पंधरा दिवसांनी आशाताई घरी गेल्या तेव्हा त्याची प्रकृती कशी होती. हे पाच रकाने. त्यांच्या जोडीला सहावा हवा : जे आलेच नाहीत त्यांचा. वाडीतील कोण आजारी होते आणि तरी खाली उतरले नाहीत, हे आशाताईंनाच ठाऊक असते. सहा वाड्यांत सेवा आधी व सहा वाड्यांत ती सहा महिन्यांनी सुरू केली, तर दोहोंची तुलनाही आपोआप होईल. कोणास वंचित ठेवल्याचा दोषही येणार नाही. आणि वर्षाअखेर ही वही ग्रामसभेत वाचावी. तार अलिबागकडे ओढावी, उल्हासनगरकडे की परळकडे, याचे उत्तर त्या वहीतील चौथा रकाना देईल. नकाशावरून ते सांगता येणार नाही.

एक धोका मात्र आताच बोलून दाखविला पाहिजे. १९४६ साली भोर समितीने जो आराखडा दिला त्यातून प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना निघाली, आणि पुढे सपाटीवर तीस हजार व डोंगराळ, आदिवासी भागात वीस हजार लोकवस्तीमागे एक केंद्र हे प्रमाण ठरले. त्या कल्पनेचा प्राण म्हणजे तेथे प्रत्यक्ष हजर असलेला डॉक्टर, परिचारिका आणि औषधाचे कपाट. पडदा आला म्हणजे पद रिकामे राहिले तरी चालेल, असा विचार हिशेबी मनात सहज डोकावतो. आणि वर्षभरात किती सल्ले दिले एवढेच मोजले, तर रिकामे पद त्या आकड्यात दिसतही नाही. सर्पदंशाच्या रोग्याला लस टोचावयाची असते, अडलेल्या बाळंतिणीला हात द्यावा लागतो, तापाने फणफणलेल्या पोराच्या मानेचा ताठरपणा हातानेच पाहावा लागतो. हॉल्स क्रीकच्या टपालमास्तरापाशी धैर्य होते, तार होती, आणि तारेच्या पलीकडे उत्तम डॉक्टरही होता. जे नव्हते ते त्याच्या गावात नव्हते.

म्हणून दूरवैद्यकाचे स्वागत करताना आपण त्याच्यापाशी नेमकी मागणी केली पाहिजे. केंद्रातील डॉक्टरची जागा भरलेली असावी, औषधाचे कपाट तज्ज्ञाच्या यादीशी जुळविलेले असावे, तज्ज्ञाचे तास ठरलेले व केंद्राच्या फलकावर लिहिलेले असावेत, परिचारिकेला या कामाचे शिक्षण व वेळ दोन्ही मिळावे, आणि वही रोग्याच्या बाजूने लिहिली जावी. एवढे झाले तर उपग्रहाचा मार्ग नेरळच्या वरच्या वाड्यांपर्यंत खऱ्या अर्थाने पोचला असे म्हणता येईल. ही वही सुरू करण्यास कोणाच्या मंजुरीची वाट पाहण्याचे कारण नाही. पावसाळा तोंडावर आहे. वाड्यांच्या वाटा बंद होण्यापूर्वी पहिले पान लिहून व्हावे, इतकीच विनंती या ठिकाणी करून मी आपली रजा घेतो.